पाण्यात आणलेला तुकडा

रविवारची जेवणं झाली होती. यास्मिन दस्तरखान झटकून आली आणि शाईस्ताफुफीच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. कॉलेजातल्या गोष्टी सांगायला तिला घरात हे एकच माणूस होतं. बाप दिवसभर फळांच्या गाडीवर, आणि आईच्या लेखी कॉलेज म्हणजे बसचा पास आणि डबा.

"फुफी, या आठवड्यात आमाला काय दाखवलं माहितीय का? अख्खी काच पडद्यावर."

"कसली काच?" शाईस्तानं विचारलं.

"गाठीचा तुकडा कापतेत, रंगवतेत आन् काचेवर बसवतेत ना, ती. आधी एका मायक्रोस्कोपला दहा पोरं लटकायची. शेवटच्याची पाळी येईस्तोवर तास संपायचा. आता मशीन त्या काचेचा एवढा मोठा फोटो काढतंय की नकाशासारखं बोटानं मोठं करत जायचं. आधी गाव दिसतंय, मग गल्ली, मग घर, मग घरातलं माणूस."

शाईस्ता हसली. भावाची ही पोरगी घाट चढून रोज मेडिकल कॉलेजात जात होती, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला. तिचा फॉर्म शाईस्तानंच भरला होता. वडवणीतल्या त्यांच्या गल्लीत कुणाचाही फॉर्म शाईस्ताच भरायची. ती शाळेत शिकवायची, पुस्तकं वाचायची, आणि लोक तिला विचारून कामं करायचे.

"आन् गंमत ऐका. एक काच अशी निघाली की सगळं पुसट. पेशींची नुसती भुतं. मोहिनी मॅडम म्हणल्या, सांगा बरं, कोणता रोग? कुणालाच येईना. एकजण म्हणली, मॅडम, फोटो हालला असंल. मग मॅडम म्हणल्या, हा रोग पेशंटचा न्हाई, नातेवाइकांचा आहे. फॉर्मालिन, म्हणजे तुकडा टिकवायचं औषध, त्याच्याऐवजी पाण्यात आणला तुकडा! पोरं लई हसली. एकजण म्हणला, बरं झालं मॅडम, हळद-मीठ न्हाई लावलं."

यास्मिनलाही पुन्हा हसू आलं. शाईस्ताच्या हातात बडीशेपेची डबी होती.

"कुणाचा होता तो?"

"नाव न्हाई दाखवत. ते पुसून टाकतेत. नुसतं स्त्री, वय अठ्ठावन्न, डावा गाल आतून. एवढंच." यास्मिननं बडीशेपेसाठी हात पुढं केला. "फुफी? ओ फुफी. द्या ना."

घरात शाईस्ताच्या अम्मीचं, आमिनाबींचं, वय कुणालाच धड माहीत नव्हतं. भाऊ साजिद साठ म्हणायचा, शेजारणी पासष्ट म्हणायच्या. आधार कार्डावर बघून अठ्ठावन्न लिहिणारी शाईस्ता एकटीच होती. म्हणून यास्मिनच्या ध्यानात आलं नाही की ती आपल्या दादीच्या गालावर हसत होती.

शाईस्तानं तिच्या तळहातावर बडीशेप टाकली आणि उठून आत गेली.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमिनाबी जन्मभर मिश्री लावत आल्या होत्या. डाव्या गालात आतून एक जखम झाली होती, ती तीन महिने भरत नव्हती. वडवणीत तपासणी शिबिर लागलं तेव्हा शाईस्ता त्यांना ओढतच घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं गालातला वाटाण्याएवढा तुकडा काढला, गोळ्यांच्या एका रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत टाकला, वरून औषध ओतलं, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाला, "आजच कॉलेजला पोचवा. डबी सांभाळून न्या." शनिवार होता. साजिद आंब्याच्या लिलावाला गेलेला. शाईस्तानं तोंडाला ओढणी गुंडाळली, डबी पर्समध्ये ठेवली आणि मिळाली ती बस पकडली.

घाटात बस वळणं घेत चढत होती. पुढची बस धरायला धारूरच्या स्टँडवर उतरून तिनं पर्स उघडली तेव्हा आतले रुमाल, चष्म्याचं घर, सगळं भिजलेलं होतं आणि वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. डबीचं झाकण नीट बसत नव्हतं. तळाशी अम्मीच्या गालाचा तुकडा चिकटून बसला होता, कडेनं वाळायला लागला होता. ऊन त्रेचाळीस डिग्री असेल.

फळवाल्याच्या घरात वाढलेल्या पोरीच्या हाताला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. काहीही सुकायला लागलं की त्याच्यावर पाणी मारायचं. अंजीर असो, जांभूळ असो, मेथीची जुडी असो. चाँदभाई, तिचे अब्बा, दर तासाला गोणपाट भिजवायचे. ते गेले, साजिद भिजवायला लागला. शाईस्तानं पाण्याची बाटली काढली, डबी काठोकाठ भरली, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून घट्ट लावलं. तुकडा वर तरंगला, मऊ झाला. तिला बरं वाटलं.

कॉलेजच्या खिडकीवर पोचायला साडेचार झाले. खिडकी बंद करायच्या तयारीत असलेल्या माणसानं चिठ्ठी वाचली, डबी उजेडात धरली आणि विचारलं, "फॉर्मालिनमधीच हाय ना, मॅडम?"

तो शब्द तिनं तोपर्यंत ऐकला नव्हता. एवढं वाचलेल्या बाईला खिडकीवरच्या माणसापुढं "म्हणजे काय" असं विचारणं जड गेलं. शिवाय परतीची शेवटची बस गाठायची होती.

ती म्हणाली, "हो."

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. नमुना खराब झाल्यानं निदान शक्य नाही, पुन्हा पाठवावा. अम्मी म्हणाल्या, "एकदा कापलं तेवढं बास. आता न्हाई." त्यांना राजी करेपर्यंत पहिल्या तुकड्याला सात आठवडे झाले. दुसरा तुकडा साजिदनं नेला. या खेपेला काच तयार झाली त्याच दिवशी कॉलेजनं तिचा फोटो मोठ्या शहरातल्या कॅन्सरच्या डॉक्टरला पाठवला आणि संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. पण तोवर गळ्याला गाठ आली होती. संभाजीनगरच्या चकरा झाल्या, रेडिएशनचे शेक झाले. फेब्रुवारीत आमिनाबी गेल्या.

मधे जुलैत साजिद कॉलेजात गेला होता आणि त्यानं खिडकीवरच्या माणसाची कॉलर धरली होती. लेखी तक्रारही दिली, की यानं आमच्या आईचा तुकडा नासवला. त्या माणसाला खिडकीवरून हटवलं. "आपा, मी सोडलं न्हाई त्याला," असं साजिद आजही सांगायचा, आणि घरातले सगळे माना डोलवायचे. शाईस्ताही.

पाणी घातल्यानं काही बिघडलं की नाही, हे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं. इतक्या पुस्तकांतून, फोनवरून, एका मिनिटात कळलं असतं. ती तेवढं एकच वाचत नव्हती.

सोमवारी शाळेत रजा टाकून ती कॉलेजात गेली. यास्मिनचा तास दुपारी होता. शाईस्ता सकाळच्या बसनं गेली.

मोहिनी मॅडम राउंडला होत्या. शिपायानं तिला आतल्या खोलीत बसवलं. खोली गार होती. एका टेबलावर फ्रीजएवढं नाही पण त्याच्या निम्मं असं एक पांढरं मशीन, त्याच्यापुढं पन्नाशीचा एक माणूस काचा पुसून खाच्यांत लावत होता. त्यानं वर पाहिलं आणि शाईस्तानं त्याला ओळखलं. त्यानं मात्र तिला ओळखलं नाही.

"बसा. मॅडमला येळ लागंल. कुठून आलात?"

"वडवणी."

"वडवणी म्हणल्यावर मला लांब बसायला पायजे." तो काच फुंकत म्हणाला. "तिथल्या एका फळवाल्यानं कॉलर फाडली माझी. त्याच्याच मेहेरबानीनं इथं बसलोय. तसं बरं हाय. एसी हाय. माझ्यासाठी न्हाई, मशीनला गरमी सोसत न्हाई म्हणून."

"तुमचं नाव?"

"रामप्रसाद. वीस वर्षं खिडकीवर होतो. आता मेलेल्या माणसांच्या काचांचे फोटो काढतो." त्यानं मशीनचं दार लावलं. आत काहीतरी बारीक गुरगुरलं. "तुमचं काय काम होतं?"

"त्या फळवाल्याच्या आईच्या तुकड्याचं काय झालं होतं?"

रामप्रसादनं तिच्याकडं नीट पाहिलं. तक्रारीच्या चौकशीला कुणी आलंय असं त्याला वाटलं असावं. त्याचा आवाज सरळ झाला.

"शनिवारी साडेचारला आला. मी विचारलं, फॉर्मालिनमधी हाय का. हो म्हणल्या. शिकलेल्या बाई दिसत होत्या, मी रजिस्टरला मांडलं आन् ठेवून दिला. पाणी आन् फॉर्मालिन दिसायला सारखंच असतंय. सोमवारी झाकण काढलं. फॉर्मालिन असलं की नाकात झणझणतंय, इथं काहीच न्हाई. नुसता नासका वास. तसं लिहिलंय मी, जाऊन बघा. साहेब म्हणले, शनिवारीच कावून उघडलं न्हाईस? ते त्यांचं खरंच हाय. उघडायला पायजे होतं. पण मी काय पाणी घातलं न्हवतं."

"मी घातलं," शाईस्ता म्हणाली. "ती बाई मी. डबी सांडली होती."

रामप्रसादनं हातातला फडका टेबलावर ठेवला, परत उचलला.

"आन् वर्षभर गप बसलात?"

"हो."

"कावून?"

"भीती वाटली."

"माझी?"

"खरं निघालं तर, याची."

"खरं तर तेव्हाच निघालं होतं, मॅडम. फक्त माझ्या अंगावर निघालं." एवढं बोलून तो काचांकडं वळला आणि मोहिनी मॅडम येईपर्यंत त्या पुसत राहिला.

मोहिनी मॅडम चाळिशीच्या आत-बाहेरच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं ऐकलं आणि मग खुर्ची ओढून खाली बसल्या. वर्गातल्या त्या वाक्याबद्दल शाईस्तानं काही म्हटलं नाही. फक्त एवढं सांगितलं की तुमच्या वर्गात यास्मिन नावाची मुलगी आहे, ती त्या बाईची नात.

मॅडमनी डोळे मिटले. "ती हसली होती?"

"तिला माहीत नाही."

"मी हसवलं होतं," मॅडम म्हणाल्या. मग पडद्याकडं खुर्ची वळवून म्हणाल्या, "बघायचंय का तुम्हाला?"

पडद्यावर आधी नखाएवढा गुलाबी ठिपका आला. मॅडमनी तो मोठा करत नेला, तसा तो ओढ्याकाठच्या जमिनीसारखा दिसू लागला, भेगा पडलेला, मधे मधे रिकामा. अजून मोठा केला. फिकट, फुगलेली वर्तुळं एकाला एक चिकटून होती. त्यांच्या पोटात जांभळा ठिपका असायला हवा, तो बहुतेक ठिकाणी विरघळून गेला होता.

"हे दुसरं बघा." शेजारी दुसरी काच उघडली. तिथं सगळं ठसठशीत होतं, गर्द जांभळं, दाटीवाटीनं, रांग मोडून आत घुसलेलं. "हाही तुमच्या आईचाच. सात आठवड्यांनंतरचा. आपल्या भागातल्या मिश्री लावणाऱ्या बायकांच्या अशा सव्वादोनशे काचा आम्ही जमवल्यात. कोणता आजार हळू जातो, कोणता धावतो, हे त्यावरून शोधतोय. त्यात ही आहे."

शाईस्ता पहिल्या काचेकडंच बघत होती. "पाणी नसतं तर पहिल्यातच कळलं असतं?"

"कळलं असतं." मॅडमनी पुसट काचेचा एक कोपरा दाखवला. "इथं मला शंका आली होती. पण शंकेवर रिपोर्ट देता येत नाही. त्यावर माणसाचा गाल काढतात."

"मग ती वाचली असती?"

"कदाचित. सात आठवडे पुष्कळ असतात. पण गळ्यातली गाठ मे महिन्यातच आत धरलेली असेल, तर काही फरक पडला नसता. ते या काचेत दिसत नाही, आणि दुसरीतही नाही. मला माहीत नाही. माहीत असतं तर वाईट असलं तरी सांगितलं असतं."

शाईस्तानं मान हलवली. गेलं वर्षभर तिला वाटत होतं की विचारलं की हो किंवा नाही, काहीतरी एक हातात येईल. आलं ते हे. हे घेऊनच आता राहायचं होतं.

"तुम्ही मला लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. "रामप्रसादची बदली मी रद्द करून घेते. तुमच्या भावाला कळायची गरज नाही."

"तक्रार त्याची आहे. मागं त्यालाच घ्यावी लागेल."

संध्याकाळी स्टँडपुढं साजिदची गाडी गर्दीत होती. तो सीताफळं लावत होता, डोळे उघडलेली वर, कच्ची खाली. बहिणीला बघून म्हणाला, "आपा, तू कुठं उतरलीस? शाळा तर तिकडं हाय."

"गाडी झाक जरा."

"आत्ता? गिऱ्हाईक बघ किती हाय. काय झालं? यास्मिनला काय—"

"यास्मिन ठीक आहे. अम्मीच्या तुकड्याचं बोलायचंय."

तिनं उभ्यानंच सांगितलं. धारूरचा स्टँड, पाण्याची बाटली, खिडकी, "हो." काही गाळलं नाही. साजिदच्या हातात सीताफळ होतं. ते तो धरून राहिला.

"तुला कुणी सांगितलं पाणी घालायला?"

"कुणी नाही."

"मग?"

"आपल्यात दुसरं काय करतात, साजिद? सुकत होतं."

त्यानं मान फिरवली. रस्त्यापलीकडून कुणीतरी ओरडलं, "साजिदभाई, सीताफळ कसं दिलं?"

"बंद हाय."

"सातलाच बंद? सासुरवाडीला चाललास का?"

"बंद हाय म्हणलं ना बे!"

तो माणूस पुटपुटत गेला. साजिद हळू आवाजात म्हणाला, "मी त्याची कॉलर धरली तवा तू कुठं होतीस?"

"फाटकाबाहेर उभी होते."

"तुला ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"मी त्याला आईवरून शिव्या दिल्या, आपा. माझ्या आईसाठी त्याच्या आईवरून." त्यानं सीताफळ खाली ठेवलं. "अम्मीला माहीत होतं?"

"नाही. तिला सांगितलं नाही."

"मला सांगायचं असतं. मी चिडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो. काय केलं असतं अजून?" मग तो म्हणाला, "आता मला माहीत न्हाई मी किती दिवस बोलणार न्हाई."

"तक्रार मागं घ्यावी लागेल."

"घेतो. तेवढं कळतंय मला." तो गाडीवर ताडपत्री ओढू लागला. एका बाजूची दोरी बांधून झाल्यावर थांबला. "यास्मिनला मी सांगणार न्हाई. माझ्या तोंडून तिला हे ऐकवू नकोस. तू केलं, तू सांग."

गुरुवारी दोघं एकाच बसनं गेली. साजिद पुढच्या सीटवर बसला, ती मागं. तिकिटं मात्र त्यानंच काढली. कॉलेजच्या ऑफिसात त्यानं कागदावर सही केली, मग आतल्या खोलीत गेला. शाईस्ता दारात थांबली.

"रामप्रसादभाऊ," साजिद म्हणाला, "माझं चुकलं."

रामप्रसाद काच पुसत होता. "तुमचं कमी चुकलं," तो म्हणाला. "शर्ट मात्र नवा होता. पोरीनं घेतलेला."

"मी आणून देतो."

"नको. तोच शिवून घेतलाय." त्यानं स्टूल सरकवलं. "बसा. गार हाय इथं."

साजिद बसला नाही. हात जोडले आणि अकराच्या बसनं निघून गेला. बहिणीसाठी थांबला नाही.

मोहिनी मॅडमनी काचेखालची टीप बदलायची तयारी दाखवली होती. नातेवाइकांचा निष्काळजीपणा, असं तिथं लिहिलं होतं. शाईस्ता म्हणाली, ते खोडा, पण काच काढू नका. मग तिनं स्वतःच विचारलं, की वर्गात मी बोलू का. मॅडम म्हणाल्या, नाव सांगायची सक्ती नाही. शाईस्ता म्हणाली, नावाशिवायच हसले होते ते.

दुपारच्या तासाला वर्गात तीसेक पोरं-पोरी होती. पडदा उजळला, तो पुसट ठिपका आला, आणि मागच्या बाकावर कुणीतरी दबक्या आवाजात "हळद-मीठ" म्हणालं. यास्मिन दुसऱ्या रांगेत होती; तिला घरी कुणी अजून काही सांगितलं नव्हतं. फुफीला दारातून आत येताना पाहून ती आधी आनंदानं हलली. डबा विसरला म्हणून आली असेल, असं काहीतरी तिला वाटलं असावं. मग फुफी पडद्याजवळ जाऊन उभी राहिली.

वीस वर्षं शाईस्ता वर्गापुढं उभी राहत आली होती. हात कुठं ठेवायचे हे तिला आज कळत नव्हतं.

"ही काच आमिनाबी चाँद बागवान यांची आहे," ती म्हणाली. "वडवणीच्या. मिश्री लावायच्या. ही माझी आई. तुकडा पाण्यात मी आणला."

कुणी हसलं नाही. यास्मिनचं पेन वहीवर तसंच थांबलं होतं. तिनं पडद्याकडं पाहिलं, मग फुफीकडं, मग मान खाली घातली.

"खिडकीवर मला विचारलं होतं. मला तो शब्द माहीत नव्हता, तरी मी हो म्हणाले. मला लाज वाटली विचारायची. तुम्ही उद्या खिडकीवर बसाल. माझ्यासारखी बाई येईल. नीटनेटकी असेल, शिकलेली असेल, हो म्हणेल. तिला खोटं पाडायचं नाही. पण झाकण उघडून बघा. तिच्यासमोरच उघडा. आणि पाणी असलं तर तिला रागावू नका, म्हणजे पुढची बाई खरं सांगेल."

मागून एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, डबी दिली तवा तुमाला काय सांगितलं होतं त्यांनी? पाणी घालू नका, असं?"

"नाही. सांभाळून न्या, एवढंच."

दोन-तीन जणांनी ते लिहून घेतलं. यास्मिनचे खांदे हलत होते. शेजारच्या मुलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला. शाईस्ताला वाटलं, इथंच थांबावं, जाऊन तिच्या बाकावर बसावं. मोहिनी मॅडमही तिच्याकडं बघत होत्या, पुरे म्हणा असं त्यांच्या तोंडावर होतं.

पण यास्मिन उठून गेली नव्हती. मान खाली घालून का होईना, ऐकत होती. आणि तिला सगळं ऐकायचा हक्क होता, अर्धं नाही.

"शनिवार होता," शाईस्तानं पुन्हा सुरुवातीपासून सांगायला घेतलं. "बस सव्वाबाराची."